हाक पोचेना

सकाळी सव्वाआठच्या सुमाराला मिस्त्रीनं खिडकीतली रंगाची डबी उघडली, ब्रश उचलला, आणि ब्रशचे केस बोटाला कडक लागल्याबरोबर तो थबकला.

डबीतला रंग पिवळा होता. कुठलाही नट शेवटचा आवळून झाला की त्यावर एक ठिपका द्यायचा, ही त्याची तीस वर्षांची शिस्त. हात दिवसभरात शंभर नट फिरवतो, डोकं त्यातले नव्वद विसरतं. ठिपका आहे म्हणजे नट पान्यानं आवळलाय, नाही म्हणजे नुसता बोटांनी फिरवलाय. सकाळपासून त्यानं एकच काम हातावेगळं केलं होतं, हिरव्या सायकलीच्या पुढच्या चाकाचं पंक्चर. आणि ब्रश मात्र काल संध्याकाळी धुऊन ठेवला होता तसाच, कोरडा ठणठणीत.

तो वळला. स्टँड रिकामा होता.

"हिरवी कुठंय?"

"गेली की," काउंटरवरून बहीण म्हणाली. "हेडफोनवाली आली, टायर दाबून बघितला, घेऊन गेली. आत्ताच. दारात गाणं शोधत उभी होती बराच वेळ."

बहीण त्याच्याहून आठ वर्षांनी धाकटी. नोंदवही, फोन आणि गिऱ्हाइकांशी बोलणं तिच्याकडे. मिस्त्री मागच्या भिंतीकडे तोंड करून काम करायचा, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं त्याला पाठीवरूनच ओळखत. प्रत्येकाला नाव ठेवायची बहिणीला भारी हौस. एकाचं नाव 'उद्या', कारण तो सायकल न्यायला कायम उद्या येणार असायचा. एक 'घंटी', कारण त्याच्या सायकलीचं सगळं वाजायचं, घंटी सोडून. आणि ही हेडफोनवाली: चोवीस-पंचवीसची, चष्म्याच्या दुकानात कामाला, दोन्ही कान झाकणारा करडा हेडफोन जन्मतःच डोक्यावर असल्यासारखी.

"तिचे नट आवळलेले नाहीत," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे?"

"नुसते बोटांनी लावलेत. मध्येच तो बाबागाडीवाला आला, चाक कुरकुरतंय म्हणून. त्याला तेल द्यायला बाहेर गेलो. परत आलो ते थेट दुसऱ्या कामाला लागलो."

बहिणीचा चेहरा उतरला. "मला वाटलं झालीय. चाक बसलेलं होतं, दादा. मी विचारायला हवं होतं, पण तू बाहेर, आणि ती घाईत..."

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. दारात आला. गल्लीच्या टोकाला हिरवी सायकल, निळी पिशवी आणि करडा हेडफोन स्पष्ट दिसत होते. त्यानं छातीत हवा भरून हाक मारली.

"ओ ताई! थांबा! चाक! चाक!"

गल्लीतली सगळी माणसं वळली. पाववाला वळला, वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. एक ती सोडून. सायकल कोपऱ्यावरून डावीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

"फोन लाव तिला," तो म्हणाला आणि दारात टेकवलेली बहिणीची सायकल त्यानं ओढली. टोपलीवाली, बुटकी सीट. त्यावर बसला तेव्हा त्याचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते. उजव्या हातात पाना होता, तो ठेवायचं राहूनच गेलं.

पायडल मारता मारता त्याचं डोकं हिशेब करत होतं, आणि हिशेब वाईट होता. चाकाचा आस पुढच्या दोन दांड्यांच्या खाचांत बसतो. वरून माणसाचं वजन असेपर्यंत तो खाचेतून बाहेर पडत नाही. सपाट रस्त्यावर ती सुखरूप जाईल, कदाचित मैलभर जाईल. पण बोटांनी लावलेला नट रस्त्याच्या हादऱ्यांनी फिरत राहतो, आणि फिरतो तो सुटण्याच्या बाजूनं. नंतर फक्त चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जायचा अवकाश. गतिरोधकावरून उडालं तरी पुरे.

आणि गतिरोधक कुठं आहेत ते त्याला पाठ होतं. रस्ता वाचनालयापाशी वळतो, रेल्वेच्या पुलावरून जातो, शाळेसमोरून निघतो आणि तिथून खाली नदीकाठच्या हमरस्त्यापर्यंत सरळ उतार. उतारावर तीन गतिरोधक, एकाखाली एक. खाली मालवाहू ट्रक.

एप्रनच्या खिशातला त्याचा फोन वाजला. त्यानं तो एका हातानं कानाला लावला.

"दादा, ती कट करतेय," बहीण म्हणाली. "दोनदा लावला. दुकानाचा नंबर तिच्याकडे नसेल. कुणी अनोळखी वाटत असेल."

"परत लाव."

"लावते. मेसेजही टाकलाय."

"सायकल चालवताना मेसेज कोण वाचतं? लावत राहा."

त्यानं फोन खिशात टाकला. स्वतः लोखंड धरलेल्या हातानंच सायकल सांभाळत, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून चाललो होतो, हे तेव्हा त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मोठ्या चौकातला सिग्नल लाल होता. ती तिथं थांबली होती, एक पाय खाली टेकवून, डोकं तालात हळूहळू हलवत. ओठही हलत होते. ती गात होती. दोघांच्या मध्ये कचऱ्याची गाडी उभी होती आणि तिच्या मागं मोटारींची रांग. मिस्त्री रांगेच्या कडेनं घुसायला लागला. जागा हातभर होती. आरसे त्याच्या कोपरांना लागत होते.

"ओ ताई! हिरवी सायकल! उतरा खाली! उतरा!"

कचऱ्याच्या गाडीचं इंजिन घरघरत होतं. तरीही शेजारच्या स्कूटरवाल्यानं वळून पाहिलं, रस्ता ओलांडणारं एक जोडपं थबकलं, आणि त्यांना थबकलेलं पाहून अखेर तिनंही मान वळवली. पंधरा पावलांवरून दोघांची नजरानजर झाली.

मिस्त्रीला हायसं वाटलं. त्यानं दोन्ही हात वर करून जोरात हलवले आणि चाकाकडे बोट दाखवलं.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला आधी कळलंच नाही. ती खुश झाली नाही, गोंधळलीही नाही. तिनं हेडफोनच्या कडेला बोट लावून काहीतरी केलं, सिग्नलकडे पाहिलं, आणि तो हिरवा होताच उभी राहून पायडल मारत सुटली. इतक्या जोरात, की मागच्या चाकाखालचा खडा उडाला.

"अहो!" तो ओरडला.

तीही वेगात, तोही वेगात. वाचनालयाच्या वळणापर्यंत त्यानं अंतर निम्मं केलं. त्याचा श्वास घशात शिट्टीसारखा वाजत होता. तिनं पुन्हा एकदा मागं पाहिलं आणि आणखी वेग घेतला, आणि त्या एका क्षणात त्याला तिच्या डोळ्यांतली भीती दिसली.

त्यानं स्वतःकडे पाहिलं. तेलकट काळा एप्रन. कोपरापर्यंत काळे हात. लालबुंद चेहरा. आणि उजव्या हातात, डोक्यावर उगारल्यासारखा, वीतभर लांब लोखंडी पाना.

अनोळखी बाप्या आपल्या मागं ओरडत येतोय, हातात लोखंड घेऊन. तिनं थांबावं तरी कशाला?

तो जितका जवळ जाणार तितकी ती जोरात पळणार, आणि ती जितकी जोरात पळणार तितके ते नट सैल होणार. तिला वाचवायचा जो एक मार्ग त्याला सुचला होता, तोच तिला उताराकडे ढकलत होता. त्यानं ब्रेक दाबला. हिरवी सायकल पुलाच्या चढाकडे निघून जाताना तो बघत राहिला. आयुष्यात कधी थांबणं त्याला इतकं जड गेलं नव्हतं.

वाचनालयाच्या मागून जिना होता. दगडी, अरुंद, दोन भिंतींच्या मधून थेट शाळेच्या दारात उतरणारा. रस्ता पुलावरून वळसा घेऊन तिथंच यायचा. पायी माणसाची त्यात पाच मिनिटं वाचायची. सायकलवाल्याच्या आधी पोचायचं तर पळावं लागणार होतं. मिस्त्रीनं बहिणीची सायकल भिंतीला लोटून दिली, पाना एप्रनच्या खिशात कोंबला, आणि बावन्न वर्षांचे, त्यातला एक कुरकुरणारा, असे दोन गुडघे घेऊन तो जिना उतरायला लागला.

पायऱ्या त्यानं मोजल्या नाहीत. मध्ये एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन चढत होते; "बाजूला! बाजूला!" म्हणत तो त्यांच्या आणि कुत्र्याच्या मधल्या दोरीवरून उडी मारून गेला. शेवटच्या चार पायऱ्यांवर पाय मुडपला आणि तो बसूनच खाली आला. उठला. तळहात सोलला होता. समोर शाळा होती.

शाळेसमोर रोजच्या बाई उभ्या होत्या. नारिंगी जाकीट, काठीला लावलेली गोल पाटी, पाटीवर 'थांबा'. मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम त्या करत, आणि सगळं शहर त्यांना वचकून होतं. पाटी वर गेली की बससुद्धा मुकाट्यानं थांबायची.

"बाई," मिस्त्री धापा टाकत म्हणाला, "एक मुलगी येतेय पुलावरून. हिरवी सायकल. तिला थांबवा."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "का? तुमचं काय काम आहे तिच्याशी?"

"तिचं पुढचं चाक सैल आहे. मीच बसवलंय, मीच आवळायचं विसरलो. मी सायकलवाला आहे, वरच्या गल्लीतला."

"मग तुम्हीच सांगा तिला."

"कानात हेडफोन आहे. हाक पोचत नाही. आणि आता तिला वाटतंय मी तिच्या जिवावर उठलोय. मला बघितलं तर ती थांबणार नाही, उलट उतारावर पळेल. तुम्ही थांबवा. तुमच्यासाठी थांबेल. हात जोडतो."

बाईंनी त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या पान्याकडे पाहिलं, मग सोललेल्या तळहाताकडे. किती वेळ गेला असेल? तीन सेकंद. मिस्त्रीला ते तीन तास वाटले.

"त्या भिंतीमागं जा," बाई म्हणाल्या. "आणि डोकं बाहेर काढू नका. मुलांनो! सगळे मागं. फुटपाथवर. कुणी हलायचं नाही."

तो शाळेच्या फाटकाच्या खांबामागं गेला. भिंतीच्या जाळीतून रस्त्याचा एक तुकडा दिसत होता. पुलावरून सायकल आली. ती अजून उभी राहूनच पायडल मारत होती. चाकाचा वरचा काठ किंचित इकडे-तिकडे डोलत होता. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. त्याला ते ढळढळीत दिसलं, आणि त्यानं खांब धरला.

बाई रस्त्याच्या मधोमध गेल्या. पाटी वर केली. "हळू!" त्या ओरडल्या, "मागचा ब्रेक! मागचा!" पण त्या हाकेचाही काही उपयोग नव्हता. मुलीनं पाटी पाहिली. मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. तिचे खांदे खाली आले. ती सीटवर बसली, वेग कमी व्हायला लागला. वीस पावलं. दहा. आता जवळजवळ चालीच्या वेगावर. मिस्त्रीच्या ओठांवर 'देवा, देवा' एवढंच होतं.

शेवटच्या पाच पावलांवर तिनं दोन्ही ब्रेक एकदम दाबले.

पुढचं चाक खाचेत तिरकं झालं. कड ब्रेकच्या रबरात अडकली आणि चाक जागच्या जागी गच्च झालं. सायकल मागून उचलली गेली आणि ती मुलगी हँडलवरून पुढं, डाव्या हातावर, बाईंच्या पायाशी पडली. फुटपाथवरच्या मुलांतून एकच चीत्कार उठला. हेडफोन घरंगळत गटाराच्या कडेला गेला आणि त्यातून बारीक आवाजात चार-पाच माणसं एकत्र गात राहिली.

मिस्त्री बाहेर धावला. तिनं त्याला पाहिलं आणि बसल्या जागी मागं सरकली.

"जवळ येऊ देऊ नका त्याला," ती बाईंना म्हणाली. "तो माझ्या मागं लागलाय. चौकापासून."

"तो सायकलवाला आहे, बाळा. तुझं चाक दुरुस्त करणारा. तुला थांबवायला पळत आलाय," बाई म्हणाल्या. तिच्याजवळ गुडघ्यांवर बसून त्यांनी तिचा हात अलगद आपल्या मांडीवर घेतला होता. मनगट बघता बघता सुजत होतं.

मिस्त्री दूरच थांबला. सायकलीजवळ वाकला. डाव्या बाजूचा नट दोन आट्यांवर लोंबत होता. उजव्या बाजूचा नव्हताच. मागं कुठंतरी, पुलावर किंवा चौकात, तो पडून गेला होता. म्हणजे तिथून पुढं ती एकाच नटावर आली होती. त्यानं उताराकडे पाहिलं. पहिला गतिरोधक शंभर पावलांवर होता.

तोवर माणसं जमली होती.

"कानात ते घातलं की असंच होणार," एक जण म्हणाला.

"जग बुडालं तरी यांना पत्ता नाही लागायचा."

"माझा पुतण्याही असाच. सांगून सांगून दमलो."

वाहतूक पोलीस आला, गर्दी पांगवली, रुग्णवाहिका बोलावली. त्यानं पडलेला हेडफोन उचलला, बंद केला आणि आपल्या वहीबरोबर धरला. मिस्त्रीला त्यानं काही विचारलं नाही. मदतीला आलेला कुणीतरी, एवढंच त्याला वाटलं.

रुग्णालयाच्या बाकावर मिस्त्री तास-दीड तास बसून होता. फोन वाजला.

"कशी आहे?" बहिणीनं विचारलं.

"मनगट मोडलंय. हनुवटीला तीन टाके. डोक्याला काही नाही."

पलीकडे बहिणीनं श्वास सोडला. मग हळू आवाजात म्हणाली, "दादा, लोक काय म्हणतायत?"

"हेडफोनमुळं पडली म्हणतायत."

"मग..." ती थांबली. "मग म्हणू देत की. खोटं तर नाही ना ते? तू हाका मारल्यास. ऐकल्या असत्या तर आपल्या गल्लीतच थांबली असती. आपण काय जाणूनबुजून केलं? दुकानाचं नाव गेलं तर कोण येईल आपल्याकडे? आणि सायकल मी दिलीय, दादा. मी."

"तू दिलीस असं कुणी विचारलेलं नाही," तो म्हणाला. "ठेव फोन."

आतल्या खोलीत मुलीचे वडील आले होते. शिंपी होते; घाईत तसेच उठून आले होते, गळ्यात टेप लोंबत होता. मुलगी खाटेवर बसली होती, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पोलीस वही उघडून उभा होता. मिस्त्री दारात जाऊन उभा राहिला.

"किती वेळा सांगितलं तुला?" वडील म्हणत होते. आवाज चढा होता. "किती वेळा? रस्त्यावर कान उघडे ठेव. मागून काय येतंय कळायला नको? आज ट्रक असता तर?"

"चुकलंच माझं, बाबा."

"आज तुझी चाचणी होती ना? नऊ वाजता? गेली ना ती?"

नंतर मिस्त्रीला कळलं ते असं: शहरातल्या समूहगायनाच्या चमूत एक जागा होती, त्यासाठी तिला उंच आणि खालच्या सुरांच्या मधल्या आवाजाची ओळ पाठ करायची होती. सहा दिवस ती येता-जाता तेवढंच ऐकत होती.

पोलीस लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "हेडफोन लावून सायकल चालवत असल्यामुळे लक्ष नव्हतं. अचानक ब्रेक दाबल्यानं तोल जाऊन पडली. बरोबर?"

मुलीनं मान हलवली.

"बरोबर नाही," मिस्त्री म्हणाला.

तिघांनी दाराकडे पाहिलं.

"ती तोल जाऊन पडली नाही. चाक सैल होतं. पंक्चर काढून मी चाक परत बसवलं आणि नट आवळायला विसरलो. सायकल माझ्या दुकानातून तशीच बाहेर पडली. उजवा नट वाटेतच पडलाय, बघा, सायकलीवर नाहीये."

वडिलांनी गळ्यातला टेप काढला आणि मुठीत गुंडाळला.

"तुम्ही आवळायला विसरलात," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"हो."

"माझी मुलगी मेली असती."

"हो," मिस्त्री म्हणाला.

पोलिसानं पेन खाली केलं. "पण तुम्ही हाका मारल्यात ना? चौकातल्या लोकांनी सांगितलंय. हेडफोन नसता तर तिला ऐकू आलं असतं."

"आलं असतं. तिथंच उतरली असती, हात मोडला नसता. तेही लिहा, खरंच आहे ते. पण हाक मारायची वेळ माझ्यामुळे आली. ते आधी लिहा."

मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. हनुवटीवरच्या पट्टीमुळे तिला नीट बोलता येत नव्हतं.

"मला चौकात तुमचा आवाज ऐकू आला होता," ती म्हणाली.

वडील वळले. "काय?"

"शब्द नाही कळले. पण कुणीतरी ओरडतंय एवढं कळलं. मागं बघितलं तर हे. हातात ते लोखंड." तिनं त्याच्या खिशातल्या पान्याकडे पाहिलं. "मग मी गाण्याचा आवाज वाढवला."

"वाढवलास?"

"मी नेहमीच वाढवते, बाबा. त्या पुलावर काही जण उभे असतात. रोज काहीतरी बोलतात. एकदा एक जण मोटरसायकलवरून अख्खा रस्ता मागं आला होता. हेडफोन असला की मला ऐकू येत नाही, मग मी बघत नाही, मग मी घरी पोचते." ती मिस्त्रीकडे वळली. "मला वाटलं तुम्ही त्यांच्यातलेच."

शिंपी खाटेच्या कडेवर बसले. मुठीतला टेप त्यांनी खाटेवर ठेवला.

"मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही सायकल बंद केली असती."

त्यांनी नाही म्हटलं नाही. पोलिसानं मात्र वहीचं नवीन पान उघडलं आणि पुलावरच्या लोकांबद्दल विचारायला सुरुवात केली: कुठल्या वेळी, किती जण, मोटरसायकलचा रंग कोणता. मिस्त्रीनं आपल्या जबाबावर सही केली तेव्हा दुपार उलटून गेली होती.

त्यानंतरचे दिवस दुकानाला जड गेले. बातमी गल्लीभर झाली. 'उद्या' आज येऊन आपली सायकल घेऊन गेला तो परत फिरकलाच नाही. बहीण तीन दिवस दादाशी कामापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी दुपारी काउंटर बंद करून ती कुठंतरी गेली, परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते.

"गेले होते तिच्या घरी," ती म्हणाली. "सायकल मी न विचारता दिली, हे सांगून आले. तू सांगितलं नव्हतंस."

"काय म्हणाली?"

"काही नाही. तिच्या वडिलांनी चहा केला. तो न पिताच उठले."

पुलावर पोलीस दोन आठवडे उभा होता. टोळकं हललं, कायमचं हललं का, ते कुणाला ठाऊक. गाण्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. पुढची चाचणी सहा महिन्यांनी होती.

प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी मुलगी दुकानात आली, सायकल हातानं ढकलत. वडील बरोबर होते, पण ते दाराबाहेरच उभे राहिले. तिचा डावा हात बारीक आणि फिकट दिसत होता. डोक्यावर काही नव्हतं.

मिस्त्री उठून पुढं आला. या वेळी तो तोंडासमोर उभा होता.

"नवे नट बसवून देतो," तो म्हणाला. "तुमच्या समोर."

"नको," ती म्हणाली. "मला शिकवा. चाक काढायचं, बसवायचं, आवळलंय का ते कसं ओळखायचं. सगळं. मला कुणावर विसंबून नाही राहायचं. तुमच्यावर तर नाहीच."

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला आणि स्टँड मोकळा केला.

पहिल्यांदा तिच्या मनगटात जोर नव्हता, नट अर्ध्यावर अडला. तो पुढं होणार होता, पण तिनं मानेनंच नको म्हटलं. उजव्या हातानं लावला. सायकलीचा पुढचा भाग उचलून चाकावर वरून थाप मारायची, चाक हललं नाही तरच पक्कं, हे त्यानं दाखवलं. तिनं थाप मारली. हललं. पुन्हा सगळं सोडलं, पुन्हा बसवलं. बहीण काउंटरवरून उठून बघायला आली. बाहेर शिंपी घड्याळ बघत होते, पण आत येऊन घाई करत नव्हते.

"रस्त्यावर आता गाणं नाही का?" बहिणीनं जरा घाबरतच विचारलं.

"चौकातून आणि उतारावर बंद," मुलगी म्हणाली. "मधल्या बागेतून जाताना एका कानात. बाबा म्हणतात तेही नको. आमचं अजून भांडण चाललंय."

"मी म्हणतोच," बाहेरून वडील म्हणाले.

चौथ्या वेळी चाक हललं नाही. तिनं दोनदा थाप मारून पाहिली, मग मिस्त्रीकडे पाहिलं. त्यानं हात पाठीमागे बांधले होते.

"माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा. पक्कं आहे का?"

तिनं आणखी एकदा, जरा जोरात थाप मारली.

"पक्कं आहे," ती म्हणाली, आणि सायकल स्टँडवरून स्वतःच खाली उतरवली.